मध्ययुगीन इंग्लंड वाचायचंय? मग सुरुवातीपासून सुरुवात करू नका

मध्ययुगीन इंग्लंडच्या वाटेला जाणारे बहुतेक जण पहिल्या पन्नास पानांतच परत फिरतात. मीही फिरलो होतो. कॉलेजात असताना एक गाइड आणलं. पहिल्या पानावर रोमन फौजा निघून गेल्या, दुसऱ्यावर सात राज्यं, तिसऱ्यावर एथेलवुल्फ, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड. चार एथेल ओळीने आले आणि पुस्तक उशाखाली गेलं. पुढे काही वर्षांनी भलत्याच दाराने आत शिरलो आणि मग मात्र बाहेर पडावंसं वाटलं नाही. तेच दार इथे दाखवतो.

वाटेवर हातात एकच दोरी धरायची: कोण कुठल्या भाषेत बोलत होतं? चर्चमध्ये लॅटिन, दरबारात फ्रेंच आणि शेतावर इंग्रजी, अशा तीन मजल्यांच्या घरात ही माणसं तीनेकशे वर्षं राहिली. देवघरात संस्कृत, कचेरीत फारसी आणि ओसरीवर मराठी, हे आपल्या पूर्वजांनीही पाहिलंय. त्यामुळे ही दोरी मराठी वाचकाच्या हाताला लगेच ओळखीची लागते.

तयारी: वहीत पाच आकडे

वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहा. ५९७: रोमहून आलेला ऑगस्टीन केंटमध्ये उतरला. १०६६: फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे, फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले. १२१५: मॅग्ना कार्टा, सरदारांनी राजाकडून कबूल करून घेतलेला करार. १३४८: प्लेग. १४८५: बॉसवर्थची लढाई, ट्यूडर घराणं गादीवर. बाकी सगळं या पाच खुंट्यांवर टांगता येतं. आपली म्हणून सहावी खुंटी हवी असेल तर १२९० घ्या. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्याच वर्षी तिकडे पहिल्या एडवर्डने फर्मान काढून सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर घालवलं.

राजांची यादी पाठ करू नका. लागेल तेव्हा बघता येते.

पायरी १: जून १३८१, अ‍ॅल्डगेटच्या वेशीवर उभे राहा

लंडन शहराला तट होता आणि तटाला वेशी. पूर्वेच्या अ‍ॅल्डगेट वेशीच्या वरच्या खोल्या शहराने १३७४ मध्ये एका सरकारी माणसाला राहायला दिल्या. भाडं नाही, आणि मुदत हयातभर. हा माणूस बंदरात लोकरीवरच्या जकातीचे हिशेब तपासायचा. तरुणपणी फ्रान्सच्या स्वारीत शत्रूच्या हाती सापडला होता, तेव्हा त्याच्या सुटकेच्या खंडणीत राजाने १६ पौंड घातले होते. नाव जेफ्री चॉसर. इंग्रजी कवितेचा बाप वगैरे लोक त्याला म्हणतात. तूर्त त्याला जकात खात्यातला कारकून म्हणूनच बघा.

१३ जून १३८१ रोजी एसेक्सचे बंडखोर शेतकरी याच वेशीतून शहरात घुसले. केंटचे लोक लंडन ब्रिजवरून आले.

कारण समजून घ्यायला तेहेतीस वर्षं मागे जा. १३४८ च्या उन्हाळ्यात प्लेग डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरला आणि दीड-दोन वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश, काहींच्या मते जवळजवळ निम्मी माणसं गेली. जमीन तेवढीच राहिली, नांगरणारे हात कमी झाले. साहजिकच मजुरी वाढली. जमीनदार हादरले आणि १३५१ च्या कायद्याने मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर बांधून टाकली. वर फ्रान्सशी १३३७ पासून युद्ध चालू होतं, त्याचा खर्च डोक्यावर. शेवटी डोईपट्टी आली. चार वर्षांत तिसऱ्यांदा, आणि या वेळी माणशी १२ पेन्स. साध्या मजुराची तीन-चार दिवसांची कमाई एका डोक्यामागे द्यायची. घरात पाच मोठी डोकी असतील तर हिशेब तुम्हीच करा. वसुलीला माणसं आली आणि एसेक्समध्ये भडका उडाला.

बंडवाल्यांसोबत जॉन बॉल नावाचा फटकळ धर्मोपदेशक होता. त्याच्या तोंडी एक दोन ओळींचं कोडं आहे: आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती, तेव्हा साहेब कोण होता? मूळ इंग्रजीत याला यमक आहे, आणि असं यमक तोंडातोंडी गावं ओलांडून जातं. सव्हॉयचा राजवाडा जाळला गेला. टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरून लोकांनी कँटरबरीच्या आर्चबिशपचंच डोकं उडवलं. राजा दुसरा रिचर्ड चौदा वर्षांचा होता. १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात तो बंडाचा पुढारी वॉट टायलर याच्यासमोर आला. बोलणी चालू असतानाच लंडनच्या मेयरने टायलरवर वार केला आणि तो मारला गेला. भांबावलेल्या जमावासमोर हा पोरगा घोडा पुढे घालून म्हणाला, तुमचा सरदार आता मी. लोकांनी विश्वास ठेवला, घरी गेले. दिलेली सगळी वचनं पुढे मोडली गेली.

आता गंमत बघा. एवढं सगळं ज्याच्या घराखालून गेलं, त्या चॉसरने आपल्या कवितेत या बंडाचं उघड नाव किती वेळा घेतलं? एकदा. तेही एका कोंबड्याच्या गोष्टीत. कोल्हा कोंबडा पळवतो, सगळं गाव आरडाओरडा करत मागे धावतं, आणि चॉसर सांगतो की बंडाचा एक पुढारी जॅक स्ट्रॉ आणि त्याच्या टोळीने फ्लेमिश लोकांना मारताना केला तो कल्लाही याच्या निम्मा कर्कश नव्हता. बंडात परदेशी फ्लेमिश विणकर आणि व्यापाऱ्यांची खरोखरच कत्तल झाली होती. एका विनोदी ओळीत ती अशी पुरलेली आहे. इतिहास आणि साहित्य शेजारी ठेवून वाचा असं मी का म्हणतो, ते या ओळीत दिसेल.

पायरी २: चॉसर मोठ्याने वाचा

या पायरीवर घाई नको. निदान तीन आठवडे द्या.

‘कँटरबरी टेल्स’ची चौकट सोपी आहे. तीसएक यात्रेकरू लंडनच्या दक्षिणेच्या सदर्क भागात एका खाणावळीत जमतात. कँटरबरीला संत टॉमस बेकेटच्या समाधीला निघायचं असतं. खाणावळवाला पैज लावतो: जाताना दोन, येताना दोन गोष्टी प्रत्येकाने सांगायच्या, ज्याची गोष्ट सरस त्याला बाकीच्यांनी जेवण घालायचं. हिशेबाने शंभरावर गोष्टी व्हायला हव्यात. झाल्या २४, त्यातल्याही काही अर्धवट. १४०० मध्ये चॉसर गेला. यात्रा म्हटल्यावर आपल्याला वारी आठवते, पण टाळ-मृदंग मनातून काढून टाका. हे घोड्यावरून, एकमेकांची उणीदुणी काढत, अधूनमधून बियर पीत चाललेलं प्रकरण आहे.

भाषेला घाबरू नका. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, जो इंग्रजांच्या पोरांनाही नाही. आपल्याला लिहिलंय तसं वाचायची सवय असते, आणि चॉसरची इंग्रजी बरीचशी लिहिलंय तशीच बोलली जायची. शाळेत ‘नाइट’ या शब्दात ‘के’ कशाला आणि मधे ‘जीएच’ कशाला, म्हणून आपण वैतागलो होतो ना? चॉसरच्या तोंडी तो शब्द साधारण ‘क्निख्त’ होता. सगळी अक्षरं कामाला होती. पुढे उच्चार बदलले आणि अक्षरं तशीच मागे राहिली, ओस पडलेल्या वाड्याच्या खांबांसारखी.

वहीत पहिल्या दोन ओळी देवनागरीत उतरवा:

ह्वान दॅट आप्रिल विथ हिस शूरस सोतऽ
दऽ द्रूख्त ऑफ मार्च हाथ पेर्सेद तो दऽ रोतऽ

शेवटचा ‘ऽ’ हलकेच उच्चारायचा, नाहीतर ठेका लंगडतो. अर्थ असा, की एप्रिलच्या गोड सरींनी मार्चचा कोरडेपणा पार मुळापर्यंत भेदला की... आणि हे वाक्य अठरा ओळी चालतं. पाऊस, वारा, कोंब, पाखरं, आणि मग कुठे ‘लोकांना यात्रेला जावंसं वाटतं’. आपल्याला एप्रिल म्हणजे उन्हाची काहिली, म्हणून पहिल्या वाचनात ही ओळ कोरडीच जाते. एप्रिलच्या जागी मृगाच्या सरींनंतरचा आठवडा डोळ्यांपुढे आणा, लगेच ओल येईल. रोज या अठरा ओळी आठ दिवस म्हणा. नवव्या दिवशी पुढचं पान आपोआप सैल झालेलं असेल.

क्रम असा ठेवा. आधी प्रस्तावनेतली माणसं, रोज दोन. मग पार्डनरची गोष्ट. हा चर्चच्या नावाने पापक्षमेचे कागद विकणारा भोंदू. तीन दारुडे मृत्यूला मारायला निघतात आणि झाडाखाली त्यांना सोन्याचा ढीग सापडतो. एक जण खायला-प्यायला आणायला जातो, येताना विष कालवतो. उरलेले दोघे तो आल्याबरोबर त्याला ठार करतात आणि मग निवांत ती दारू पितात. ओळखीची वाटली? हीच गोष्ट आपल्याकडच्या पाली जातककथांत, वेदब्भ जातकात आहे. तिथे धनासाठी आपापसात लढून शेवटी दोनच चोर उरतात. एक भातात विष घालतो, दुसरा तलवार उपसतो. गोष्टी अशा हातोहात जगभर फिरत होत्या.

त्यानंतर पाच नवरे केलेल्या बाथच्या बाईची प्रस्तावना. तिची गोष्ट मागाहून, प्रस्तावना आधी. मग गिरणीवाल्याची गोष्ट, जी वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचू नये. पार्सनचं प्रवचन आणि मेलिबीची गद्य कथा खुशाल सोडा.

हार्वर्ड विद्यापीठाच्या चॉसर संकेतस्थळावर मूळ ओळीखाली आजची इंग्रजी ओळ फुकट मिळते. शब्द अडला तर मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश आहे, तोही फुकट.

पायरी ३: यात्रा ज्याच्यासाठी, त्याच्यापर्यंत मागे

बेकेट कोण होता, हा प्रश्न आता तुम्हालाच पडेल. राजा दुसऱ्या हेन्रीचा तो जिवलग आणि चॅन्सेलर, म्हणजे मुख्य कारभारी. राजाने त्याला आर्चबिशप केलं, म्हणजे चर्च आपल्या मुठीत येईल. झालं उलट. गुन्हा केलेल्या धर्मगुरूंचा न्याय राजाच्या कोर्टात की चर्चच्या, यावरून दोघांचं बिनसलं. २९ डिसेंबर ११७० रोजी चार सरदारांनी बेकेटला त्याच्याच कॅथीड्रलमध्ये कापलं. अवघ्या तीन वर्षांच्या आत, ११७३ मध्ये, तो संत झाला. राजाला अनवाणी येऊन पाठीवर फटके खावे लागले.

हेन्रीचा मुलगा जॉन. याच्याकडून सरदारांनी १५ जून १२१५ ला थेम्सकाठच्या रनीमीड कुरणात मॅग्ना कार्टा कबूल करून घेतला. या कागदाभोवती एवढी आरती ओवाळली जाते की तो एकदा स्वतः वाचलेला बरा. बराचसा मजकूर वारसाहक्क, विधवा, कर्ज आणि थेम्समधले मासेमारीचे बांध यांबद्दल आहे. ३९ वं कलम मोलाचं: कायद्याशिवाय कुठल्याही स्वतंत्र माणसाला पकडायचं नाही. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द अधोरेखित करा. जमिनीला बांधलेले कुळवाडी त्यात येत नव्हते. आणि दहा आठवड्यांत पोपने हा करार रद्दही केला. तो टिकला तो पुढच्या दुरुस्त आवृत्त्यांमुळे, विशेषतः १२२५ च्या.

पायरी ४: १०६६, पण लढाईपेक्षा शब्दांसाठी

जानेवारीत राजा एडवर्ड निपुत्रिक वारला. दुसऱ्याच दिवशी हॅरल्डला मुकुट. २५ सप्टेंबरला उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला त्याने नॉर्वेच्या राजाला गाडलं, आणि तिथून फौज घेऊन दक्षिणेला धावत येऊन १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ स्वतः पडला. नाताळच्या दिवशी नॉर्मंडीचा विल्यम वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत राजा झाला. हे सगळं बायोच्या पडद्यावर भरतकामात आहे. सत्तरएक मीटर लांबीचं तागाचं कापड आणि त्यावर लोकरीचे टाके. संग्रहालयाने तो सबंध इंटरनेटवर टाकला आहे, बोटाने सरकवत बघता येतो. शेपटीचा तारा शोधून काढा, तो हॅलेचा धूमकेतू.

वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, विल्यमने गावोगाव मोजणी करवली: जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, डुकरं चरतील एवढं रान किती. तेच डूम्सडे बुक. ओपन डूम्सडे या संकेतस्थळावर कुठल्याही गावाचं नाव टाकून नोंद पाहता येते. आपल्या कुणाचा मुलगा-भाचा तिकडे राहत असेल तर त्याच्या गावापासून सुरुवात करा. सातबारा वाचल्यासारखं वाटतं.

आणि शब्द. न्यायाधीश, ज्यूरी, तुरुंग, सरकार, कर यांना इंग्रजीत जे शब्द आहेत ते झाडून सगळे फ्रेंचमधून आले. गोठ्यात ‘काउ’ पण ताटात ‘बीफ’ ही जोडी सगळे सांगतात. ती एका १९ व्या शतकातल्या कादंबरीने गाजवली. प्रत्यक्षात हा फरक पक्का व्हायला शतकं गेली. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, कारण फ्रेंच कुणाला नीट कळत नाही. हा कायदा कुठल्या भाषेत लिहिला होता? फ्रेंचमध्ये. राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या शिवाजी महाराजांना ही अडचण नक्की समजली असती.

पायरी ५: आता कुठे बेओवुल्फ

बेओवुल्फ हे जुन्या इंग्रजीतलं वीरकाव्य. ही भाषा मात्र वेगळीच आहे, अनुवादातच वाचा. ३१८२ ओळींचं हे काव्य एका हस्तलिखितामुळे वाचलं. साधारण इ. स. १००० चं ते बाड १७३१ मध्ये लंडनच्या आगीत कडेने होरपळलं, पण राहिलं. त्याच संग्रहात आणखी एक एकुलतं हस्तलिखित होतं, सर गवेन आणि हिरव्या सरदाराच्या गोष्टीचं. तेही वाचलं. एक ठिणगी इकडची तिकडे गेली असती, तर दोन्ही काव्यं आपल्याला वाचायला मिळाली नसती.

या कवितेत यमक नाही, अनुप्रासावर ओळ उभी राहते. आणि समास! समुद्राला ‘देवमाशाची वाट’, शरीराला ‘हाडांचं घर’. तत्पुरुष घोकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सोबत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड. ८७८ मध्ये त्याने एडिंग्टनला व्हायकिंगांना हरवलं, हे महत्त्वाचंच. पण त्याची एक तक्रार वाचा. तो म्हणतो, मी गादीवर आलो तेव्हा थेम्सच्या दक्षिणेला लॅटिन समजणारा एकही माणूस मला आठवत नाही. म्हणून सर्वांना अत्यावश्यक अशी पुस्तकं इंग्रजीत आणूया. राजा स्वतः भाषांतराला बसला. त्याच्या काळात सुरू झालेली अँग्लो-सॅक्सन बखर पीटरबरोच्या मठात ११५४ पर्यंत लिहिली जात होती. शेवटच्या पानांत भाषा डोळ्यांदेखत बदलताना दिसते.

वाटेतले खड्डे

शेक्सपिअरची राजेमंडळी इतिहास म्हणून घेऊ नका. त्याने ती ट्यूडरांच्या राज्यात, शंभर ते दोनशे वर्षांनी रंगवली. रॉबिन हूडला सिंहहृदयी रिचर्डच्या काळात बसवू नका. त्याचा साहित्यातला पहिला उल्लेख १३७० च्या दशकातल्या ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये येतो, जिथे एक आळशी पाद्री म्हणतो की मला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी येतात. ‘ये ओल्डे’ अशी दुकानाची पाटी दिसली तर हसा: ते ‘वाय’ नाही, ‘थ’साठीचं थॉर्न नावाचं जुनं अक्षर आहे, उच्चार ‘द’. आणि तारखा जपून. तिकडे तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास. जुन्या कागदावरचा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने पुढच्या वर्षातला असू शकतो.

पायरी ६: १४८५ पर्यंत

फ्रान्समधली अ‍ॅजिनकोर्टची लढाई, १४१५: एक संध्याकाळ पुरे. गादीसाठी दोन घराण्यांत झालेली गुलाबांची युद्धं, १४५५ ते १४८५: वंशावळ समोर ठेवा, नाहीतर सगळेच हेन्री आणि एडवर्ड. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. सर टॉमस मॅलरीने तुरुंगात लिहिलेली आर्थर राजाची कथा त्याने ३१ जुलै १४८५ ला छापून पूर्ण केली. तीनच आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, बॉसवर्थला तिसरा रिचर्ड मेला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका गाड्या लावायच्या जागेखाली सापडला.

याच टप्प्यावर बायकांचा आवाज ऐका. नॉर्विचची जुलियन, जिचं पुस्तक हे इंग्रजीत स्त्रीने लिहिलेलं आपल्या हाती असलेलं सर्वांत जुनं. आणि मार्जरी केम्प, चौदा बाळंतपणं झालेली, भर चर्चमध्ये हमसाहमशी रडणारी, लोकांना नकोशी झालेली बाई. तिने आपली कहाणी दुसऱ्याकडून लिहवून घेतली. पूर्ण हस्तलिखित थेट १९३४ मध्ये मिळालं.

सगळ्यात शेवटी नॉरफोकच्या पॅस्टन कुटुंबाची पत्रं. १४४८ मध्ये एका बड्या लॉर्डच्या माणसांनी त्यांची ग्रेशमची गढी बळकावली होती. नवरा लंडनला कोर्टकचेरीत, बायको मार्गरेट इकडे. तिचं पत्र आपल्या ‘सा. न. वि. वि.’सारख्याच अदबीने, नवऱ्याला मानाचं संबोधून सुरू होतं. पहिली मागणी: आडव्या धनुष्यांची सोय करा, ती ताणायचे रहाट आणि बाणही पाठवा, आपली घरं इतकी ठेंगणी आहेत की आतून लांब धनुष्य चालवता येत नाही. मग शत्रूने दारांना कसे अडसर घातलेत आणि भिंतींना कुठे भोकं पाडलीत, त्याचा तपशील. आणि पत्राच्या शेवटाकडे, त्याच शाईत: एक पौंड बदाम, एक पौंड साखर, आणि मुलांच्या झग्यांना कापड.